फडक्याची गाठ

दिवाळीच्या फराळाचा डबा शेजारी उघडा पाठवायचा नाही, हा आमच्या इंदूरच्या घरातला जुना दंडक. त्यासाठी आईने कधी दुकानातला कागद आणला नाही. नवरात्र सरले, की ती जुनी लुगडी काढून बसे. विरलेला भाग टाकून उरलेल्याचे दीड-दीड हाताचे चौकोन कापायचे आणि कडा दुमडून हातशिलाई घालायची. डबा मधोमध ठेवून समोरासमोरची दोन टोके त्यावर घ्यायची, राहिलेल्या दोन टोकांची गाठ मारायची आणि गाठीत झेंडूचे फूल खोवायचे, एवढाच तो सोहळा.

महेश्वरी लुगड्याचा तुकडा हाती आला, तर तिला विशेष आनंद होई. अहिल्याबाईंनी ज्या महेश्वरी विणकरांना आश्रय दिला, तिथल्या लुगड्याचा काठ उलटसुलट दोन्ही बाजूंनी नेसता येतो. आई म्हणे, “माणसानेही असेच असावे. आतून एक, बाहेरून एक, असे नको.” आम्ही गाठ आवळून मारली, तर ती सोडायला लावी. “ज्याच्या घरी जाते, त्याला ती सुखाने सुटली पाहिजे,” हे तिचे दुसरे सूत्र.

फडके परत येई, ते कधीही रिकामे नसे. त्यात गुजिया असत. काही नसले, तर मूठभर साखर तरी असेच.

आई गेली, त्यानंतरच्या दिवाळीत आम्ही तयार खोकी आणून त्यांवर चकचकीत कागद गुंडाळला. वेळ नव्हता, हे निमित्त. खरे म्हणजे जुन्या लुगड्याचे तुकडे लोकांघरी धाडण्याचा आम्हांला संकोच वाटत होता. पाडव्याच्या संध्याकाळी शेजारच्या माळवी आजीबाई स्वतः आल्या. हातात आईचे फडके होते, धुऊन चौघडी केलेले, आत गुजिया. “माताजी का रूमाल पिछली दिवाली से हमारे यहाँ रह गया था. खाली कैसे लौटाते?” एवढेच त्या बोलल्या. आईच्या आजारपणात राहून गेलेली ती परतफेड त्यांनी वर्षभर जपली होती. आमचा चकचकीत कागद मात्र एव्हाना त्यांच्या कचऱ्यात गेला असणार! आम्हांला वर मान करवेना.

जपानात भेटवस्तू कापडात बांधण्याची ‘फुरोशिकी’ नावाची रीत आहे. कचरा कमी व्हावा म्हणून २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्र्यांनी तिचा पुरस्कार केला. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून ज्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यांवरचे पातळ वेष्टनही आहे. सरकारांना जे नियमाने सांगावे लागते, ते आमच्या आईला काटकसरीतून आणि मायेतून उमगले होते. सुदाम्याचे पोहेही फडक्यातच बांधलेले होते, याची आठवण आम्हांला उशिरा झाली.

आता नवरात्र सरले, की आमच्याकडे पुन्हा कात्री निघते. गेल्या दिवाळीत नातीने पहिल्यांदाच गाठ मारली, ती अगदी करकचून. आम्ही ती सोडवली आणि तिला म्हटले, “बाळ, जरा सैल. पलीकडे आजीबाईंचे हात आता थरथरतात.”