घरचा कॉम्प्युटर: आधी काम, मग सामान

पावसाळ्यात आमचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि त्याच महिन्यात लेकीला बीएस्सी आयटीला प्रवेश मिळाला. लॅपटॉप घ्यावा, असे अम्मीचे मत होते. पण घरात वापरणारे तिघे: कॉलेजची लेक, शाळेतला मुलगा आणि दुकानाचा हिशेब लिहिणारे अब्बा. डेस्कटॉपचा एखादा भाग बिघडला, तर तेवढाच बदलता येतो. म्हणून डेस्कटॉप ठरला.

घाटकोपरहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पहिल्याच दुकानात ‘बजेट किती?’ असे विचारून रंगीत दिव्यांचा कॅबिनेट आणि महागडे ग्राफिक्स कार्ड यादीत आले. लेक म्हणाली, “पण मला गेम खेळायचे नाहीत, प्रोग्रॅम लिहायचे आहेत.” त्या एका वाक्याने अर्धा खर्च वाचला.

ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल, तर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स हवे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यात ते नसते. तो स्वस्त मिळतो, पण कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही. मदरबोर्ड प्रोसेसरच्या सॉकेटला जुळणारा हवा. रॅमचेही तसेच: डीडीआर4 ची पट्टी डीडीआर5 च्या खाचेत बसत नाही. 8 जीबीच्या दोन पट्ट्या आणि 512 जीबीची एसएसडी आम्हाला पुरेशी वाटली. जुनी हार्ड डिस्क चांगली होती, तीच आत जोडली. घरातल्या लग्नांचे फोटो त्यातच आहेत.

काटकसर कुठे करू नये? एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा हलका डबा बिघडला, तर सोबत मदरबोर्डही नेऊ शकतो. आम्ही ‘80 प्लस’ची खूण असलेला 450 वॉटचा घेतला. ग्राफिक्स कार्डाच्या वाचलेल्या पैशांत 600 व्हीएचा यूपीएसही आला.

कचेऱ्यांतून निघालेली जुनी मशीन स्वस्तात मिळतात, पण जपून. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे मशीन त्यात बसत नाही.

शेवटी दुकानदार म्हणाला, “विंडोज फुकटात टाकून देतो.” अब्बांनी हात वर केला. “चोरीचा माल घरात नको.” मग लेकीने लिनक्स घातले. ते मोफत आहे आणि तिच्या अभ्यासालाही उपयोगी.

घरी येण्यापूर्वी पक्के जीएसटी बिल घेतले आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घेतला. वॉरंटी मागायला पुन्हा त्याच रस्त्यावर जावे लागले, तर तो कागदच कामी येईल. तुम्हीही जाण्याआधी घरच्यांना एकत्र बसवून कोण काय काम करणार, ते लिहून काढा. यादी तिथूनच सुरू होते.