एक संगणक, अनेक बिऱ्हाडे

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात एकाच वेळी अनेक माणसांची कामे उघडी राहू शकतात. एखाद्याने नाव आणि पासवर्ड देऊन लॉगिन केले की त्याचे सत्र सुरू होते. सत्र म्हणजे त्या माणसाच्या नावावर चालू असलेले सगळे प्रोग्रॅम, त्यांच्या खिडक्या, उघडलेल्या फायली आणि त्याने आपल्यापुरती लावून घेतलेली सारी मांडणी. दुसऱ्या कुणाला संगणक हवा झाला तर पहिल्याने आवरून उठावे लागत नाही. त्याचे सत्र आहे तसे मागे राहते, दुसऱ्याचे पुढे येते. पहिला परतला की वाक्य जिथे अर्धे सोडले होते तिथेच कर्सर लुकलुकत असतो. मेनूमध्ये ही सोय ‘स्विच युजर’ या नावाने असते. मराठीत तिला सत्रबदल म्हणता येईल.

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी अनेक घरांत संगणक एकच असतो आणि तो साऱ्या घराचा असतो. मुलीची प्रवेश परीक्षेची तयारी, आईच्या बचत गटाचा हिशेब, वडिलांनी उतरवून घेतलेला सातबारा आणि आडतीवरून आलेल्या सोयाबीनच्या पट्ट्यांची नोंद, सगळे त्याच यंत्रावर. अशा घरात बहुधा एकच खाते उघडलेले असते आणि डेस्कटॉपवर सगळ्यांच्या फायलींची सरमिसळ होते. एकाने नको म्हणून पुसलेली फाइल दुसऱ्याच्या महिन्याभराच्या कामाची निघते. लिनक्स हे मुळात अनेकांनी एक यंत्र वापरावे म्हणून घडलेल्या घराण्यातले आहे. वाड्यात चार बिऱ्हाडे असावीत, अंगण एक पण कुलपे वेगळी, तशी त्याची रचना आहे. त्यासाठी बाहेरून काही बसवावे लागत नाही. प्रत्येकाचे खाते काढले की पुरते.

खाते नावाने ओळखले जाते, असे वापरणाऱ्याला वाटते. यंत्राचा भरवसा मात्र नावावर नसतो. महाराष्ट्रात शिरूर नावाचे तालुके तीन: पुणे जिल्ह्यातले घोडनदीकाठचे शिरूर, बीड जिल्ह्यातले शिरूर कासार आणि लातूरचे शिरूर अनंतपाळ. नुसते ‘शिरूर’ लिहिलेले पत्र कुठे पोचेल याची खात्री नाही, म्हणून माणसांना जोडनाव लागते आणि टपालाला पिनकोड. लिनक्स थेट पिनकोडच वापरते. प्रत्येक खात्याला एक क्रमांक असतो, त्याला युजर आयडी म्हणतात. सर्व अधिकार असलेल्या ‘रूट’ या खात्याचा क्रमांक ०. डेबियन, उबुंटू, फेडोरा या प्रचलित लिनक्स प्रणालींमध्ये माणसांची खाती १००० पासून पुढे सुरू होतात. डिस्कवर प्रत्येक फायलीच्या मालकाच्या जागी हा क्रमांकच लिहिलेला असतो. याचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखादे खाते काढून टाकले, त्याच्या फायली तशाच राहिल्या आणि पुढे तोच क्रमांक नव्या खात्याला मिळाला, तर त्या जुन्या फायली आपोआप नव्या माणसाच्या मालकीच्या होतात.

अनेकांनी एक यंत्र वापरण्याची कल्पना गरजेतून आली. १९६० च्या दशकात संगणक खोलीभर मोठे आणि अतिशय महाग होते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. तीत यंत्र प्रत्येकाच्या कामाला क्षणाचा तुकडा देत इतक्या वेगाने फिरत असे की प्रत्येकाला ते आपल्या एकट्याचेच वाटावे. संगणकाला पासवर्ड लागू लागला तोही याच प्रणालीपासून, कारण एका यंत्रात अनेकांच्या फायली आल्या तशी त्या वेगळ्या ठेवण्याची निकड आली. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतले. त्यावर काम करणारी माणसे टेलिप्रिंटरसारख्या यंत्रांसमोर बसत: कळा दाबायच्या आणि उत्तर कागदावर उमटायचे. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्या ओकणारा टेलिप्रिंटर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र सहज दिसेल. या टेलिटाइप यंत्रांच्या नावाचे लघुरूप ‘टीटीवाय’. ती यंत्रे भंगारात गेली, पण लिनक्समध्ये आजही प्रत्येक सत्राच्या जागेला टीटीवाय १, टीटीवाय २ अशीच नावे आहेत.

फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने युनिक्सच्या धर्तीवर लिहिलेल्या लिनक्सची पहिली आवृत्ती १७ सप्टेंबर १९९१ ची. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचीच ही तारीख, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना ती पाठ करावी लागणार नाही. पुढच्याच वर्षाच्या आरंभी आलेल्या आवृत्तीत ‘आभासी कन्सोल’ आले. पूर्वी चार माणसांना चार टेलिटाइप लागत. आता एकाच पडद्यामागे अनेक टेलिटाइप असल्याचा भास कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, निर्माण करू लागला. असे ६३ पर्यंत कन्सोल ठेवता येतात. कंट्रोल आणि ऑल्ट या कळा दाबून धरून एफ१, एफ२, एफ३ अशी कळ दाबली की त्या त्या क्रमांकाचा कन्सोल समोर येतो. काही लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही दाबावी लागते. अलीकडच्या उबुंटू किंवा फेडोरावर सहसा पहिल्या कन्सोलवर लॉगिनचा पडदा, दुसऱ्यावर प्रथम आलेल्या माणसाचे सत्र आणि तिसऱ्यावर त्यानंतरच्या माणसाचे, अशी वाटणी दिसते.

एका सत्रातून दुसऱ्यात जाताना आत जे घडते ते या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर आहे. पडदा एक, कीबोर्ड एक, माऊस एक. आणि त्यांच्यावर हक्क सांगणारी सत्रे दोन. दोघांनी एकाच वेळी पडद्यावर चित्र काढायला घेतले तर कुणाचेच दिसणार नाही. म्हणून आधी पुढच्या सत्राला कळवले जाते की आता जागा सोडायची आहे. ते आपले रेखाटन थांबवते, पडद्याचा ताबा सोडते, सोडल्याची पोच देते, आणि मगच मागचे सत्र पुढे येऊन आपल्या खिडक्या काढू लागते. जुन्या व्यवस्थेत ही पोच देणे संपूर्णपणे त्या त्या सत्राच्या चित्रप्रणालीवर सोपवलेले होते. ती अडकली की बदल अर्ध्यात लटके आणि पडदा काळा राही. शिवाय चित्रप्रणाली ग्राफिक्सच्या चिपशी परस्पर बोलत असे, त्यामुळे प्रत्येक बदलाला पडदा क्षणभर विझून पुन्हा लागे. २००९ पासून पडद्याची जुळणी करण्याचे काम टप्प्याटप्प्याने कर्नेलने स्वतःकडे घेतले आणि तो झटका बराच कमी झाला.

आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांवर या देवघेवीची राखण लॉगिनडी नावाचा प्रोग्रॅम करतो. तो २०१० मध्ये सुरू झालेल्या सिस्टमडी या प्रकल्पाचा भाग आहे. कोणते सत्र कुणाचे, ते कोणत्या कन्सोलवर आहे आणि या घटकेला पुढे कोणते आहे, ही वही त्याच्याकडे असते. सत्र मागे गेले की तो त्या सत्राच्या हातून कीबोर्ड आणि माऊस काढून घेतो. हे नुसते सांगून होत नाही. त्या सत्राने पूर्वी उघडून ठेवलेली कीबोर्डची वाटच कर्नेल रद्द करतो. याचे महत्त्व मोठे आहे. वडील आपल्या सत्रात बँकेचा पासवर्ड टाइप करत असतील तेव्हा मुलाच्या मागे राहिलेल्या सत्रात एखादा लबाड प्रोग्रॅम शिरलेला असला, तरी त्याला त्या कळा ऐकू येत नाहीत. आवाज आणि कॅमेरा यांचेही तसेच. समोर असलेल्या सत्रालाच त्यांची परवानगी मिळते, म्हणून बदल केल्यावर आधीच्या माणसाचे चालू गाणे सहसा ऐकू येईनासे होते. पुष्कळांना हा बिघाड वाटतो. तो बंदोबस्त आहे.

बाकीची कामे मात्र चालू राहतात. डाउनलोड उतरत राहते, छापायला दिलेली पाने प्रिंटरकडे जातात, मोठ्या फायलीची नक्कल पुरी होते. पेनड्राइव्हचा अनुभव वेगळा असतो. तो ज्या सत्रातून उघडला गेला त्याच माणसाच्या नावे लागतो, आणि दुसऱ्याच्या सत्रात गेल्यावर उघडत नाही. आधीच्या सत्रात परत जाऊन तो नीट काढावा आणि मग पुन्हा लावावा, हा सरळ उपाय.

कुलपाकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. मेनूतून ‘स्विच युजर’ निवडले तर मागे राहणारे सत्र कुलूपबंद होते आणि परतताना पासवर्ड मागितला जातो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफच्या कळेने थेट उडी मारली तर ते आपोआप कुलूपबंद होत नाही. त्याच कळांनी मागे येणाऱ्या कुणालाही ते उघडे सापडते. कळांनी बदल करायची सवय असलेल्याने निघण्यापूर्वी सुपर, म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ, आणि एल या दोन कळा दाबून पडदा बंद करण्याची सवयही लावून घ्यावी. फायलींच्या बाबतीतही गृहीत धरू नये. उबुंटूमध्ये २१.०४ या आवृत्तीपूर्वी एकाच्या होम फोल्डरमधल्या फायली दुसऱ्या खात्याला वाचता येत असत. बदलता येत नसत, पण वाचता येत. त्या आवृत्तीपासून नव्या खात्यांचे होम फोल्डर इतरांना बंद केले गेले. जुन्या यंत्रावर फोल्डरची परवानगी स्वतः तपासून घेणे चांगले.

मराठी वापरणाऱ्यांसाठी वेगळ्या सत्रांचा मोलाचा उपयोग भाषेचा आहे. लिनक्सवर भाषा ही खात्याची बाब असते. एकाच संगणकावर आईचे मेनू, तारखा आणि महिने मराठीत, तर मुलीचे इंग्रजीत राहू शकतात. नोम आणि केडीई या डेस्कटॉपांचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांच्या कष्टातून उभे राहिले. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही डेबियनवर आधारलेली प्रणालीही मराठीसह अनेक भारतीय भाषांना जागा देते. कीबोर्डही आपापला: एकीचा इनस्क्रिप्ट, दुसरीचा उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचा फोनेटिक. भाषा बदलली तर ती त्या माणसाने लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होते. नुसता सत्रबदल करून परत आल्याने होत नाही, कारण ते सत्र जुन्याच भाषेत सुरू झालेले असते. आणि कुलपाच्या पडद्यावर कीबोर्ड मराठी मांडणीवर राहिला असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. कोपऱ्यातले मांडणीचे चिन्ह आधी पाहावे.

प्रत्येक उघडे सत्र मेमरी खाते. डेस्कटॉपच्या प्रकाराप्रमाणे ही भूक काही शे मेगाबाइटपासून गीगाबाइटपर्यंत जाते, आणि ब्राउझरचे भरपूर टॅब उघडे असले तर त्याहून पुष्कळ पुढे. ४ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर तीन सत्रे उघडी ठेवली की यंत्र मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवू लागते आणि प्रत्येक बदलाला वाट पाहावी लागते. तिथे एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप बरा, किंवा ज्याला दिवसभर परतायचे नाही त्याने लॉगआउटच करावे.

पाळी लावायचीच नसेल तर आणखी एक वाट आहे. लॉगिनडीच्या हिशेबात पडदा, कीबोर्ड आणि माऊस मिळून एक ‘सीट’ होते, आणि एका संगणकाला अशा अनेक सीट जोडता येतात. मग सत्रे आळीपाळीने न येता शेजारीशेजारी चालतात. ब्राझीलच्या पराना राज्यातल्या सरकारी शाळांत लिनक्सच्या एकेका संगणकावर चार विद्यार्थी बसतील अशी योजना राबवली गेली होती. मराठवाड्यातल्या शाळांच्या संगणक खोल्यांना ही रचना विचारात घेण्याजोगी आहे. पडद्यासमोर न बसताही सत्र चालते. खोडदच्या महाकाय दुर्बिणीतून येणारी माहिती तपासण्यासाठी पुण्यात बसवलेला आणि २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला परम रुद्र हा महासंगणक लिनक्सवरच चालतो. अशा यंत्रावर संशोधक दुरूनच लॉगिन करतात. प्रत्येकाचे सत्र वेगळे, आणि ते वेगळे ठेवण्यासाठी वापरलेली युजर आयडीची पद्धत घरातल्या संगणकावर असते तीच.

संगणक बंद करताना मागची सत्रे विसरली जातात, आणि नुकसान होते ते इथे. दुसऱ्या कुणाचे सत्र उघडे असताना साध्या खात्याने बंद करण्याची आज्ञा दिली तर लिनक्स लगेच मान्य करत नाही. इतर माणसे लॉगिन आहेत असे सांगून प्रशासकाचा पासवर्ड मागते. कोण कोण आत आहे हे टर्मिनलमध्ये ‘हू’ ही आज्ञा दिली की दिसते. वीज गेली तर मात्र कुणाला विचारणा होत नाही. इन्व्हर्टर नसलेल्या घरात लाईट गेली की समोरच्या माणसाबरोबर मागच्या सत्रांतले न साठवलेले कामही जाते, आणि तिथे बसलेले कुणी नसल्याने ते कुणाच्या लक्षातही येत नाही. लॅपटॉपची बॅटरी थोडी उसंत देते. सत्र मागे ठेवून उठताना कंट्रोल आणि एस दाबून फाइल साठवावी, मगच पुढच्याला जागा द्यावी.