थंडीतलं सक्युलंट: आई ठेवा, पिल्लं विका

सेम्परव्हिवम आणि एचेव्हेरिया शेजारी ठेवली तर दोन्ही गुलाबाच्या फुलासारखीच दिसतात. धंद्याचं गणित मात्र वेगळं. एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोकडची. तिचं अख्खं पान मातीवर ठेवलं तरी रोप होतं, पण गोठवणारी थंडी तिला सोसत नाही. सेम्परव्हिवम युरोपातल्या डोंगरांतलं, बर्फाखालीही तगतं. त्याची पानं तोडत बसलात तर बहुतेक वायाच जातील. ते वाढवायचं पिल्लांपासून.

मूळ रोपाच्या बाजूने बारीक दांड्या निघतात, टोकाला पिल्लू. त्याला मुळं दिसली की दांडी कापा, काप एक-दोन दिवस सुकू द्या आणि भरड वाळू मिसळलेल्या मातीत लावा. शेणखत ओतायची आपली सवय इथे नडते.

फूल आलेलं रोप नंतर मरतं, हे ग्राहकाला आधीच सांगा, नाहीतर तो पैसे परत मागणार! आता हिशोब. समजा, 10 रोपं घेतली, प्रत्येकाने 4 पिल्लं दिली, म्हणजे 40 कुंड्या. सुरुवातीलाच 6 आया विकून टाकल्या तर? 16. चांगला भाव आला तरी मोह टाळा.

हे गणित मनालीकडे जमतं. मुंबई-कोकणात दमट उकाड्याने रोप सडतं. महाबळेश्वर थंड आहे म्हणाल, पण तिथला पाऊस आठवा! तिथे आधी 5 रोपं छपराखाली ठेवून एक पावसाळा काढा, मगच मोठी ऑर्डर द्या.