लाल दश्शी, काळा गुलाम

माउस धरायला मला पत्त्यांनी शिकवलं. १९९४ च्या सुमारास मुरबाडच्या बाजारपेठेतल्या एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास होता. वैशाखऱ्याहून एसटीने येणारी आम्ही पोरं चपला बाहेर काढून आत शिरायचो आणि माउस टेबलावरून उचलून थेट पडद्यासमोर धरायचो. शेवटी सरांनी वर्डस्टार बंद केला आणि सॉलिटेअर उघडून दिला. "बदामची दश्शी किल्वरच्या गुलामावर ओढ. अरे उचलतोस काय, ओढ!"

हा खेळ १९९० साली विंडोज ३.० सोबत आला. वेस चेरी नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या इंटर्नने तो लिहिला होता, पत्त्यांची चित्रं सुझन केअरची. नवख्यांचा हात माउसवर बसावा हा त्याचा एक फायदा. आमचा बसला. पण पत्ते खेळायचे आणि समोर भिडूच नाही? गावात पारावर मेंढीकोट रंगला की चौघे खेळायचे, आठ जण शिकवायचे. तिथे दश्शी म्हणजे मेंढी. चारही पकडल्या की कोट. इथे तीच दश्शी गुमान गुलामाखाली जाऊन बसायची.

डेव्ह हा खेळ मात्र आमच्या पठडीतला. किन्हवलीचा एक मित्र शहापूरहून त्याची सव्वापाच इंची फ्लॉपी आणायचा, एसटीच्या गर्दीत वाकू नये म्हणून वहीत घालून. एकाच्या हाती कीबोर्ड, मागे सगळे "उडी मार, उडी!" करत उभे. कप घेतल्याशिवाय दार उघडत नाही, हे खेळणाऱ्याआधी मागच्यांनाच आठवायचं. प्रिन्स ऑफ पर्शियात राजकन्या सोडवायला ६० मिनिटं मिळत. मुरबाडची वीज तेवढी क्वचितच टिकायची.

लाइट गेली की पायरीवर खडूने नवकंकरी. एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मध्यावर जोडलेले, २४ जागा, प्रत्येकाचे ९ खडे. तीन खडे ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. आमच्या वरच्या नाणेघाटातही कातळावर खेळांचे असे पट कोरलेले आहेत. सातवाहनांच्या काळापासूनची ही कोकणातून जुन्नरकडे जाणारी वाट. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही तिथेच. नाक्यावर खोळंबलेल्या माणसांनीच ते पट खोदले असणार, असं मला आपलं वाटतं.

लाइट आली की हरणारा पहिला आत पळायचा. जिंकणारा पायरी सोडत नसे. मग सरच बाहेर येऊन पायाने खडे उधळायचे.