कार्ड बदलायचंय? आधी डबा उघडा!

बोनस हातात आहे, मनात नवं ग्राफिक्स कार्ड आहे आणि दुकानदार 'लेटेस्ट' म्हणून काहीतरी गळ्यात मारायला टपलेला आहे. एक मिनिट थांबा बॉस! कार्डाची निवड दुकानात होत नाही, ती घरी, स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन होते.

शनिवारची रात्र, साडेनऊ. ठाण्यातल्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये माझा धाकटा भाऊ हेडफोन लावून बसलेला. पलीकडे तिघं. एक पुण्यात, एक बंगळुरूत आणि एक थेट टोरांटोत, जिथे हिवाळ्यात त्या वेळी सकाळचे अकरा वाजलेले असतात. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवरची ही चौकडी. एरवी फोनवर 'काय चाललंय', 'काही नाही, तुझं?' याच्यापुढे यांची गाडी जात नाही. पण चौघं मिळून गेम खेळायला बसले की दोन-दोन तास बोलतात. बॉसबद्दल, होम लोनबद्दल, एकदा तर एकाच्या वडिलांच्या बायपासबद्दलसुद्धा. हातात काहीतरी चाळा असला की मुलगे बोलतात, हा माझा जुना फंडा आहे.

तर झालं असं, की २०२५मध्ये बाकीचे तिघे 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'वर गेले. चौघांनी मिळून अवाढव्य प्राण्यांची शिकार करायची, असा गेम. आणि भावाच्या पीसीत होतं जीटीएक्स १०५० टीआय. २०१६ सालचं मॉडेल, मेमरी ४ जीबी. गेमच्या कंपनीने दिलेल्या किमान कार्डांच्या यादीत सुरुवातच होते ती ६ जीबीच्या जीटीएक्स १६६०पासून. तरी पठ्ठ्याने लावून पाहिलं. समोर जो राक्षस आला तो नुसते त्रिकोण-चौकोन जोडल्यासारखा, आणि तोही अडखळत. मग काही शनिवार असे गेले की तिघं खेळायचे आणि हा नुसता ऐकायचा. मग ऐकणंही बंद झालं. साडेनऊला जेवून साहेब मोबाइल घेऊन आडवे.

त्यात ऑक्टोबर २०२५मध्ये एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर देणं थांबवलं. आता ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही तीन महिन्यांतून एकदा. म्हणजे कार्ड मेलं नाही, पण रिटायर झालं. त्याच महिन्यात दिवाळी आली, बोनस आला आणि भाऊ म्हणाला, "ताई, माझ्याकडे पस्तीस हजार आहेत. शनिवारी लॅमिंग्टनला येतेस?"

मला कशाला? तर सोबतीला. कारण मागच्या वेळी एकटा गेला होता.

मागच्या वेळची गोष्ट अशी. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्ड लावून ते 'खणायचा' धंदा एका दिवसात बसला. रात्रंदिवस राबलेली ढीगभर कार्डं जुन्या बाजारात आली. भावाने अकरा हजारांना एक घेतलं, एका अनोळखी माणसाकडून, एका स्टेशनच्या बाहेर, बिलाशिवाय. तीन आठवड्यांत स्क्रीनवर रंगीबेरंगी पट्टे, मग अंधार. तो माणूस फोन उचलेना. जुनं १०५० टीआय परत खोक्यातून बाहेर आलं. आईला हे आजही माहीत नाही. (आई, हे वाचत असशील तर आता रागावू नकोस, तीन वर्षं झाली.)

सगळीच सेकंडहँड कार्डं वाईट नसतात, बरं का. खाणीत राबलेलं प्रत्येक कार्ड मरतंच असंही नाही. पण बिल हवं, वॉरंटी शिल्लक हवी, कार्डावरचा सीरियल नंबर बिलाशी जुळायला हवा आणि आपल्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला हवा. यातलं एकही नसेल तर तो जुगार आहे. पस्तीस हजार महिनाभर राबून मिळवणाऱ्याने तो खेळू नये.

डब्यात काय दडलंय?

या वेळी मी अट घातली. शनिवारी जाऊ, पण शुक्रवारी रात्री आधी डबा उघडायचा. डबा म्हणजे कॅबिनेट. धुळीचा एक थर निघाला, झुरळ निघालं नाही हे नशीब.

पहिला प्रश्न, खरंच कार्डच कमी पडतंय का? हे तपासायला पैसे लागत नाहीत. गेम सुरू असताना कार्ड किती टक्के राबतंय ते दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर्स मिळतात, एमएसआय आफ्टरबर्नर त्यातलंच. कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर तेच धापा टाकतंय. ते साठ टक्क्यांवर निवांत असेल आणि तरी गेम अडखळत असेल, तर दोष बहुतेक प्रोसेसरचा. अशा वेळी कितीही महागडं कार्ड आणा, ढिम्म फरक पडणार नाही. भावाचं कार्ड ९९वर होतं. प्रोसेसर रायझन ५ ३६००, गेमच्या यादीत नेमका किमान पातळीवरचा. म्हणजे काठावर पास.

दुसरा प्रश्न मॉनिटरचा. लोक हा विचारतच नाहीत! साठ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्डाने दीडशे काढली तरी डोळ्यांना मिळतात साठ. भावाचा मॉनिटर ऑफिसच्या कामासाठी घेतलेला, साधा फुल एचडी, साठ हर्ट्झ. म्हणजे फोर-केसाठी बनवलेल्या लाखभराच्या कार्डांची पानं उलटायची गरजच संपली. हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला, माझा उजळला.

आणि मग आला खरा व्हिलन. एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन आतल्या पार्ट्सना वाटणारा तो पेटीसारखा भाग. कॅबिनेटबरोबर 'फ्री' आलेला. वर ठळक अक्षरांत ४५०. पण त्याच स्टिकरवर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, तो वाचायचा. कार्ड आणि प्रोसेसर जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनीवरून घेतात. भावाच्या एसएमपीएसवर त्या लाइनीसमोर लिहिलं होतं १७ अँपिअर. बारा सतरे दोनशे चार. म्हणजे ४५०च्या नावाखाली कामाचे वॉट २०४! नवं कार्ड दीडशेच्या आसपास घेणार, प्रोसेसर जोरात असताना नव्वदच्या घरात जातो, वर पंखे, डिस्क, मदरबोर्ड. गणित तिसरीतल्या मुलालाही कळेल. असा एसएमपीएस नव्या कार्डाला जुंपला तर बरं असेल तर पीसी ऐन लढाईत बंद पडतो, वाईट असेल तर जाताना सोबत कार्डालाही घेऊन जातो.

तिथल्या तिथे ठरलं. पस्तीस हजारांतून आधी चांगल्या एसएमपीएसचे पैसे बाजूला काढायचे. ८० प्लस ब्रॉन्झचा, ५५० वॉटचा. कार्डाचं बजेट जे उरेल ते. भावाची कुरकुर झाली. "त्याने एकसुद्धा फ्रेम वाढणार नाही, ताई." खरंय. फ्रेम वाढणार नाही. झोप लागेल.

ओटा आणि माळा

आता कार्डांकडे वळू. यात सगळ्यात जास्त गोंधळ मेमरीचा, म्हणजे त्या ८ जीबी, १२ जीबी, १६ जीबीचा. मी भावाकडून समजून घेतलं आणि माझ्या भाषेत असं बसवलं. कार्डावरची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हाताशी लागणारं सगळं त्यावर मांडलेलं असलं की काम झरझर होतं. ओटा मोठा असला म्हणून स्वयंपाक लवकर होत नाही, तो करणाऱ्याच्या हातावर आहे. पण ओटा भरला की डबे माळ्यावर ठेवावे लागतात आणि मग जिरं हवं झालं की लाव स्टूल, चढ वर. गेम मध्येच गचका खातो ना, तो बऱ्याचदा हा स्टूलवर चढण्याचा वेळ असतो.

आणि स्टूल किती मजबूत, ते ठरतं मदरबोर्डच्या स्लॉटवर. भावाचा बोर्ड बी४५० जातीचा, त्याचा स्लॉट पीसीआय-ई ३.० म्हणजे जुन्या वेगाचा. इथे एक गोष्ट कळली जी कुठल्याही जाहिरातीत ठळक छापत नाहीत. आरटीएक्स ५०६० हे मे २०२५मध्ये आलेलं ८ जीबीचं कार्ड स्लॉटच्या सोळा लेनपैकी आठच वापरतं. नव्या बोर्डवर लेन इतक्या वेगवान असतात की आठ पुरतात. जुन्या बोर्डवर मात्र ओटा भरला की चांगलीच अडचण होते. उलट जून २०२५मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी सगळ्या सोळा लेन वापरतं आणि ते ८ व १६ अशा दोन्ही जीबींत मिळतं. बारा जीबीचं इंटेलचं आर्क बी५८० होतं, कागदावर भारी. पण २०२५च्या सुरुवातीलाच चाचण्यांमधून दिसलं होतं की जुन्या प्रोसेसरबरोबर ते बरंच मंदावतं. काठावर पास झालेल्या प्रोसेसरला असा पाहुणा परवडत नाही.

थोडक्यात काय, 'सगळ्यात बेस्ट कार्ड कोणतं?' हा प्रश्नच चुकीचा. माझ्या डब्यात बेस्ट कोणतं, हे विचारा.

एक मधला रस्ताही होता. आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं मॉडेल. सत्तर वॉटमध्ये भागतं, वेगळी वायर लागत नाही, जुन्या एसएमपीएसवरही चालून जातं. ज्यांच्याकडे ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप आहे आणि ज्यात एसएमपीएस बदलताच येत नाही, त्यांनी हेच घ्यावं, लाजू नये. भावालाही मोह झाला. पण वाइल्ड्ससाठी ते किमान पातळीच्या आसपासच पोहोचतं. पाच वर्षांनी एकदा खर्च करायचा आणि पहिल्याच दिवशी काठावर उभं राहायचं? नको. आणि ज्यांचा गेम फक्त व्हॅलोरंट आहे त्यांनी हा लेख मिटून बोनस एफडीत टाकावा. मनापासून सांगतेय.

'मॅडम, ये वाला लेटेस्ट है'

नोव्हेंबरातला शनिवार. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. पहिल्याच दुकानात भावाकडे बघून, "बोलो बॉस," आणि माझ्याकडे बघून, "मॅडम, ये वाला लेटेस्ट है, एआय से चार गुना फ्रेम देता है." हे चार गुना प्रकरण नीट समजून घ्या. जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी स्टेजवरून सांगितलं होतं की ५४९ डॉलरचं नवं ५०७० हे आधीच्या पिढीतल्या सर्वात महागड्या ४०९०सारखी कामगिरी देईल. त्यात एआयने मधल्यामध्ये तयार केलेल्या फ्रेम्स धरलेल्या होत्या. त्या फ्रेम्सनी चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण बटण दाबल्यावर तलवार उगारायला लागणारा वेळ काही त्याने कमी होत नाही. मुळात खऱ्या फ्रेम्स पुरेशा हव्यात. भावाने शांतपणे विचारलं, "उसके बिना कितना?" दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली.

चार दुकानं फिरलो. भाव मुद्दाम छापत नाही, अंक तुमच्या हातात पडेपर्यंत शिळे होतील. डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून, म्हणजे २०२५च्या शेवटापासून, मेमरीच्या किमती अशा चढल्यात की 'थोडं थांबू, स्वस्त होईल' हा आपला लाडका मंत्र चालेनासा झालाय. एक मात्र प्रत्येक ठिकाणी विचारा, सांगितलेला आकडा जीएसटीसह की जीएसटी सोडून? अठरा टक्के काही थोडेथोडके नाहीत. कच्च्या बिलावर ते वाचतात खरे, पण पुढे वॉरंटी मागायला गेलात की तो कच्चा कागद कोणी विचारत नाही. भावाला अकरा हजारांचा धडा आठवत होता. पक्कं बिल, सीरियल नंबर त्याच्यावर, फोटोसकट.

एसएमपीएस झाला. आता राहिलं कार्ड. उरलेल्या पैशांत ९०६० एक्सटीचं ८ जीबीवालं बसत होतं. १६ जीबीवाल्याला थोडे कमी पडत होते. भाऊ ८ जीबीचा बॉक्स हातात घेऊन गप्प उभा. फुल एचडीला आज ८ जीबीत भागतंही, नाही असं नाही. पण आज ओटा भरत आलाय हे दिसत असताना तेवढाच ओटा पुन्हा का बांधायचा? दुकानदाराने ईएमआयचं कार्ड पुढे सरकवलं. गेमसाठी हप्ते? मी नाही म्हटलं. मग पर्समधून पाकीट काढलं. तीन आठवड्यांपूर्वी भाऊबीजेला त्यानेच घातलेलं, अजून न फोडलेलं.

"ताई, ती ओवाळणी आहे."

"उधार ठेव. पुढच्या वर्षी दुप्पट घालशील."

घरी आलो तेव्हा सात वाजलेले. आधी एसएमपीएस, मग कार्ड. ते इतकं लांब की पुढचा हार्ड डिस्कचा पिंजरा काढावा लागला. (आधी टेपने मोजा. आम्ही विसरलो.) मग एनव्हिडियाचे जुने ड्रायव्हर पुसून एएमडीचे टाकायचे, यात अर्धा तास गेला. नऊ पंचवीसला गेम उघडला. राक्षस या वेळी नीट राक्षसासारखा दिसत होता, अंगावरचे खवलेसुद्धा. हेडफोनमधून टोरांटोवाल्याचा आवाज मलाही ऐकू आला, "अरे हा बघ कोण आलाय!" आणि मग चौघंही एकदम बोलायला लागले.

आईने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "केवढ्याला पडलं रे ते?"

भावाने माझ्याकडे बघितलं आणि आकडा सांगितला. जीएसटी सोडून.