तेल गाळणी पाना

अंतर्ज्वलन एंजिनातील वंगण तेलाची गाळणी बदलताना जुनी गाळणी सैल करून काढण्यासाठी वापरावयाचे हत्यार. त्याला ‘फिल्टर पाना’ असेही म्हणतात. हत्यार साधे असले, तरी त्याचे प्रकार अनेक आहेत आणि अयोग्य प्रकार वापरल्यास गाळणीचा डबा चेपतो, फाटतो किंवा एंजिनावरील तिच्या बैठकीला इजा होते.

मोटारगाडीच्या एंजिनासाठी तेल गाळणी तयार करण्याचे श्रेय अर्नेस्ट स्वीटलंड व जॉर्ज ग्रीनहाल्घ या अमेरिकन तंत्रज्ञांना दिले जाते (१९२३). आरंभीच्या काळात गाळणीचे पात्र एंजिनावर कायम असे आणि त्यातील गाळण घटकच बदलीत. १९५०-६० या दशकात संपूर्ण डबाच फिरवून बसविण्याची व बदलून टाकून देण्याची पद्धत पुढे आली. या डब्याला बोल्ट किंवा षट्‌कोनी डोके नसल्यामुळे साध्या पान्याला पकड मिळत नाही. म्हणूनच खास पान्यांची गरज निर्माण झाली.

गाळणी घट्ट का बसते : पातळ पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेला राळयुक्त कागद असतो. डब्याच्या उघड्या तोंडावर जाड पोलादी चकती बसविलेली असते. चकतीच्या मध्यभागी आटे व कडेला रबरी कडे (गॅस्केट) असते. एंजिनाच्या उष्णतेने हे कडे कालांतराने कठीण होऊन बैठकीला चिकटते. ते बसविताना कोरडे ठेवलेले असल्यास किंवा गाळणी पान्याने आवळलेली असल्यास ती सोडविणे अधिकच अवघड जाते.

पान्याची निवड करताना बलाचा विचार उपयोगी पडतो. ७६ मिमी. व्यासाची गाळणी सुटण्यासाठी ३० न्यूटन-मीटर परिबल लागते असे मानल्यास, नुसत्या हाताने तिच्या परिघावर सुमारे ७९० न्यूटन बल लावावे लागेल. २० सेंमी. लांबीच्या दांड्याच्या टोकाशी मात्र १५० न्यूटन बल पुरते. तथापि दांड्यामुळे हाताचे श्रम वाचले, तरी पत्र्याला सहन करावे लागणारे परिबल तेवढेच राहते. ते परिघावर सर्वत्र विभागले जाते की दोन-तीन बिंदूंवर एकवटते, यावर पान्याची योग्यता मुख्यतः अवलंबून असते.

प्रकार : (१) टोपी पाना : हा वाटीसारखा असून गाळणीच्या बंद टोकावरील पैलूंवर चपखल बसतो. त्याच्या चौकोनी भोकात ३/८ किंवा १/२ इंची रॅचेट दांडा घालून तो फिरवितात. बल सर्व पैलूंवर विभागले जाते आणि बाजूला जागा लागत नाही. मात्र व्यास व पैलूंची संख्या तंतोतंत जुळावी लागते, ७४ मिमी. व ७६ मिमी. यांतील फरकानेही पाना घसरू शकतो. (२) पट्टी पाना : पोलादी पट्टीचे कडे गाळणीभोवती घालून दांडा ओढला की पट्टी आवळली जाते. व्यासातील थोडा फरक चालतो. पण दांडा फिरण्यास बाजूला मोकळी जागा लागते. (३) पट्टा पाना : यात विणलेला पट्टा असून तो लहानमोठ्या अनेक व्यासांना चालतो. तेलकट डब्यावर तो घसरतो, म्हणून डबा आधी पुसून कोरडा करतात. मध्ये काचकागद धरल्यास पकड सुधारते. (४) साखळी पाना : ट्रक, ट्रॅक्टर इत्यादींच्या मोठ्या गाळण्यांना हा सोयीचा असतो. पकड बळकट असली, तरी पातळ पत्रा चेपण्याचा संभव असतो. (५) तीन नख्यांचा पाना : दांडा फिरविताच नख्या आपोआप आवळल्या जातात. एकच पाना अनेक व्यासांना चालतो. मात्र बल तीनच ठिकाणी पडते. (६) पक्कड : इतर पाने शिरत नाहीत अशा अडचणीच्या जागी लांब दांड्याची, रुंद जबड्यांची पक्कड वापरतात.

काही एंजिनांत डब्याऐवजी प्लॅस्टिकच्या झाकणाखाली सुटा गाळण घटक असतो. अशा झाकणावर २७, ३२ किंवा ३६ मिमी. मापाचे षट्‌कोनी डोके असल्यास त्या मापाचा पानाच वापरावा. पट्टीने वा पकडीने झाकण तडकते. अनेक मोटारसायकलींत गाळणी बोल्टने बसविलेल्या झाकणाखाली असते, तेथे या पान्याची गरजच पडत नाही.

वापर : एकाच प्रकारच्या वाहनाची देखभाल करणाऱ्यास अचूक मापाचा टोपी पाना सर्वांत सोयीचा ठरतो, निरनिराळी वाहने हाताळणाऱ्यास त्याच्या जोडीला पट्टी पाना व पक्कड लागते. पट्टी, पट्टा वा साखळी शक्यतो बैठकीजवळ बसवितात. कारण तेथे चकतीमुळे डबा दृढ असतो. गाळणीच्या बंद टोकाकडून पाहिल्यास ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटते. पट्टी, पट्टा व साखळी उलट बाजूने अडकविल्यास आवळली न जाता सैल होतात. डब्यात आरपार पेचकस ठोकून तो फिरविण्याची रीत टाळावी. पत्रा फाटून चकती तेवढी एंजिनावर राहते आणि ती छिन्नीने काढताना बैठक खराब होऊ शकते.

जुनी गाळणी निघाल्यावर तिचे रबरी कडे तिच्याबरोबर आले आहे याची खात्री करणे अत्यावश्यक असते. ते बैठकीला चिकटून राहिले व त्यावरच नवी गाळणी बसविली, तर दाबाखालील तेल दोन कड्यांमधून उसळून काही मिनिटांतच संपते आणि वंगणाअभावी एंजिन जाम होऊ शकते. नव्या गाळणीच्या कड्याला तेल लावून ती हातानेच बसवितात. कडे बैठकीला टेकल्यावर सामान्यतः आणखी पाऊण फेरा पुरतो. उत्पादकाने वेगळे प्रमाण दिले असल्यास ते पाळावे. एरवी पाना काढण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नव्हे.

तापलेल्या तेलाने भाजण्याचा धोका असल्यामुळे एंजिन कोमट झाल्यावरच गाळणी काढावी. वापरलेले तेल वारंवार त्वचेला लागणे हानिकारक असल्याने हातमोजे घालावेत. भारतात २०१६ च्या नियमांनुसार असे तेल धोकादायक अपशिष्टांत मोडते. म्हणून ते व निथळलेली गाळणी गटारात किंवा जमिनीवर न टाकता अधिकृत संकलकाकडे देणे इष्ट असते.