घरबसल्या चित्रपट

चित्रपटगृहाच्या दाराशी तिकीट तपासणारा माणूस उभा असतो. पैसे दिल्यावाचून कोणालाही आत जाता येत नाही. परंतु दूरचित्रवाणीच्या लहरी हवेतून येतात आणि ज्याच्या घरी संच आहे त्याला त्या आपोआप मिळतात. मग घरी बसलेल्या प्रेक्षकाकडून एका चित्रपटाचे मोल घ्यावे तरी कसे? दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेतच हा प्रश्न अमेरिकेत उभा राहिला.

चित्र मुद्दाम विस्कटून पाठवावे आणि पैसे देणाऱ्यालाच ते नीट दिसावे, असा उपाय निघाला. १९५१ साली शिकागो शहरातील ३०० कुटुंबांत हा प्रयोग ९० दिवस चालला. चित्रपट पाहावयाचा असल्यास दूरध्वनीवरून कळवावे लागे. मग दूरध्वनीच्या तारेतून एक संकेत येई व थरथरणारे चित्र स्थिर होई. एका चित्रपटास एक डॉलर पडे. पण चित्रपट दाखविले जात ते जुने. नवे चित्रपट द्यावयास निर्माते तयार नव्हते.

दुसरी युक्ती तारेची, म्हणजे केबलची. डोंगरांच्या आड राहणाऱ्या घरांपर्यंत लहरी पोहोचत नसत. म्हणून टेकडीवर उंच अँटेना उभारून तेथून घरोघर तार आणण्याची पद्धत तिकडे १९५० च्या आधीच पडली होती. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज या गावी अशाच तारेतून चित्रपट पाठविले गेले. संचाला जोडलेल्या पेटीत नाणी टाकली, की चित्र स्पष्ट होई!

चित्रपटगृहांच्या मालकांना हे मुळीच रुचले नाही. लोक घरी बसले तर त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहणार. शिवाय, आज फुकट मिळते त्यालाही उद्या पैसे पडतील, हे भय सामान्य लोकांना वाटे. १९६४ साली कॅलिफोर्नियात लोकमत घेण्यात आले व मतदारांनी मोठ्या बहुमताने अशा सशुल्क सेवेवर बंदी घातली. तथापि ही बंदी विचारस्वातंत्र्याच्या आड येते, असे म्हणून १९६६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

यापुढची अडचण तारेचीच होती. तार घरापर्यंत चित्र आणी. पण घरातला निरोप परत नेत नसे. १ डिसेंबर १९७७ रोजी कोलंबस शहरात ‘क्यूब’ नावाची सेवा सुरू झाली, तिने हे साधले. प्रेक्षकाने हातातील यंत्राची कळ दाबावी. केंद्रातील संगणक दर काही सेकंदांनी प्रत्येक घराची विचारपूस करी आणि जे पाहिले त्याचे पैसे देयकात मांडी. अर्थात कोणत्या घराने काय पाहिले हेही संगणकास कळू लागले, आणि पुष्कळांना त्याची चिंता वाटली. ती अनाठायी नव्हती. क्यूब खर्चापायी बंद पडली. पण एकेका कार्यक्रमाचे पैसे घेण्याची ‘पे-पर-व्ह्यू’ पद्धत मुष्टियुद्धाच्या मोठ्या सामन्यांमुळे टिकली व वाढली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पे-पर-व्ह्यू ही एस.टी.च्या गाडीसारखी होय. तिकीट काढले तरी गाडी आपल्या वेळेलाच सुटणार. ‘व्हिडिओ ऑन डिमांड’ हे मात्र घरच्या बैलगाडीसारखे. जेव्हा मनात येईल तेव्हा जुंपावी, वाटेल तेथे थांबवावी. पण यासाठी प्रत्येक घराला निराळे चित्र पाठवावे लागते, आणि जुन्या तारेत तेवढी जागा नव्हती. पुढे चित्राचे अंकांत रूपांतर करून ते आटोपशीर करण्याची विद्या साधली. एका चित्राच्या जागेत अनेक चित्रे मावू लागली. डिसेंबर १९९४ मध्ये ऑर्लंडो शहरात संगणकांच्या तबकड्यांवर चित्रपट साठवून ते मागेल त्या घरी, मागेल त्या क्षणी पाठविण्यास आरंभ झाला. मध्येच पाणी प्यावयास उठावे, तर चित्र थांबविता येई. यंत्रे मात्र इतकी महाग होती, की १९९७ साली हा प्रयोग आवरावा लागला. पुढील काही वर्षांत यंत्रे स्वस्त झाली, केबलवर ही सोय पसरली, आणि २००७ साली नेटफ्लिक्स या कंपनीने चित्रपट इंटरनेटवरून थेट घरी दाखविण्यास प्रारंभ केला.